पावसाळा, उसाचा हंगाम आणि रोजची सायकल

नव्या सायकलीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत देखभालीचे वेळापत्रक किलोमीटरमध्ये किंवा महिन्यांत दिलेले असते. कोल्हापुरात रोज सायकल चालवणाऱ्याने ती पुस्तिका जपून ठेवावी, पण वेळापत्रक मात्र स्वतःचे आखावे, कारण येथे सायकल किती चालली यापेक्षा ती कोणत्या दिवसांत चालली यावर तिची झीज ठरते. जून ते सप्टेंबर पाऊस आणि चिखल, दिवाळीच्या मागेपुढे उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर सांडलेले पाचट आणि शेतातली माती, आणि शिमगा झाला की बारीक धूळ, असे हे चक्र आहे. मी बरीच वर्षे कळंब्याहून शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत सायकलीने ये-जा करतो. पुढे लिहिले आहे ते साध्या आणि गियरच्या अशा दोन्ही सायकलींना लागू पडते. फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

हवा

सायकल जड चालते, ही तक्रार घेऊन मी पहिल्यांदा दुकानात गेलो, तेव्हा तिथल्या मामांनी ना चेन पाहिली ना चाक फिरवले. मागचा टायर अंगठ्याने दाबला आणि म्हणाले, "आधी हवा मारा की, मग बघूया काय झालंय ते." हवा मारल्यावर बघण्यासारखे काही उरलेच नाही.

ट्यूबच्या रबरातून पंक्चर नसतानाही हवा हळूहळू निघून जात असते, आणि टायर जितका अरुंद तितका हा फरक लवकर जाणवतो. म्हणून आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या वारी, हवा तपासावी. दाब किती असावा हे टायरच्या बाजूला उठावदार अक्षरांत छापलेले असते. त्यातील सर्वांत मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, रोजचा दाब नव्हे. साधारण वजनाच्या माणसाला दोन इंच रुंदीच्या टायरमध्ये ३५ ते ५० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप), ३५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ५५ ते ७० पीएसआय आणि २५ ते २८ मिलिमीटरच्या अरुंद टायरमध्ये ८० ते १०० पीएसआय पुरतो. मागच्या चाकावर भार अधिक असल्याने तिथे पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवा ठेवावी. अंगठ्याने दाबून पाहण्याचे कौशल्य मामांच्या अंगठ्यात असते, आपल्या असेलच असे नाही. म्हणून मीटर असलेला उभा पंप घरी ठेवणे हा सायकलीवरचा सर्वांत चांगला खर्च आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरने सायकलीत हवा भरण्याचा मोह टाळावा. सायकलीच्या ट्यूबमध्ये मावणारी हवा इतकी थोडी असते, की दोन सेकंदांचा उशीर झाला तरी टायर रिमवरून उसळून ट्यूब फुटू शकते.

साध्या सायकलीच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर रबराची छोटी नळी असते, तिला दुकानात व्हॉल्व्ह ट्यूब म्हणतात. ही नळी उन्हाने आणि वयाने चिरते. रोज रात्री हवा जात असेल आणि पंक्चर सापडत नसेल, तर व्हॉल्व्हच्या तोंडावर थोडी थुंकी लावून पाहावे. बुडबुडा आला, तर दोष तिथेच आहे आणि काम अगदी किरकोळ पैशांत होते.

पंक्चर

उद्यमनगरातून जाणाऱ्याला पंक्चर काढता येणे आवश्यक आहे. लेथवरून पडणारा लोखंडी कीस चपलांना, हातगाड्यांना आणि टेम्पोच्या चाकांना चिकटून रस्त्यावर येतो. तो बाभळीच्या काट्यापेक्षा वाईट असतो, कारण काटा दिसतो आणि कीस दिसत नाही.

मागचे चाक काढण्याच्या भीतीने अनेक जण पंक्चरला हातच लावत नाहीत. वास्तविक साध्या सायकलीचे चाक काढण्याची गरजच नसते. सायकल उलटी करावी किंवा स्टँडवर लावावी, उरलेली हवा सोडून टायरची एक बाजू लिव्हरने, म्हणजे टायर काढण्याच्या चपट्या पट्टीने, रिमच्या बाहेर काढावी आणि ट्यूब व्हॉल्व्हजवळ तशीच ठेवून बाकीची बाहेर ओढावी. लिव्हरऐवजी स्क्रू ड्रायव्हर वापरू नये. तो एक भोक बुजवायला आलेल्या माणसाला दुसरे भोक देऊन जातो. ट्यूबमध्ये हवा भरून ती थोडीथोडी घमेल्यातील पाण्यात बुडवत जावे, बुडबुडे येतील तिथे बॉलपेनने खूण करावी आणि ट्यूब पूर्ण कोरडी करावी. खुणेभोवतीची जागा पॉलिश पेपरने घासून काळी चमक घालवावी, पॅचपेक्षा थोड्या मोठ्या जागेवर सोल्यूशनचा, म्हणजे पंक्चरच्या डिंकाचा, पातळ थर द्यावा आणि मग चार-पाच मिनिटे काहीही करू नये. घरी काढलेली पंक्चरे पुन्हा उघडतात ती याच ठिकाणी केलेल्या घाईमुळे. सोल्यूशन ओले असताना पॅच चिकटत नाही, तो सरकतो. बोट लावल्यावर चिकटपणा जाणवेल पण बोटाला काही लागणार नाही, इतके ते वाळले म्हणजे पॅच ठेवून मध्यातून कडेकडे जोर देत दाबावा.

ट्यूब परत घालण्यापूर्वी टायर आतून तपासावा, नाहीतर तोच काटा वाट पाहत बसलेला असतो. बोट फिरवून तपासू नये, कारण कीस बोटात घुसतो. जुन्या सुती फडक्याचा बोळा टायरच्या आतून सगळीकडे फिरवावा. जिथे दोरा अडकेल तिथे शत्रू आहे.

भोकाचा आकार पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण पंक्चरचे कारण त्यावरून कळते. टायरच्या बाजूने एकच बारीक भोक असेल तर काटा किंवा कीस. जवळजवळ समोरासमोर दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूबला चावा घेतला. अशा वेळी काटा शोधत बसू नये, हवेचा दिवस पाळावा. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे किंवा एखाद्या स्पोकचे टोक वर आले आहे. व्हॉल्व्हच्या मुळाशी ट्यूब फाटली असेल, तर कमी हवेवर चालवल्याने टायर आणि ट्यूब रिमवर सरकत राहिली होती, आणि ती ट्यूब बदलण्यावाचून उपाय नाही.

चेन

चेनला तेल घालणे सर्वांना माहीत असते. तेल पुसणे कोणाला माहीत नसते. चेनच्या बाहेरच्या पृष्ठभागावर राहिलेले तेल काहीच काम करत नाही, ते केवळ धूळ गोळा करते, आणि धूळ व तेल यांचा जो काळा लेप तयार होतो तो चेनला आणि दात्यांना घासपेपरसारखा खातो. म्हणून आधी फडक्याने चेन कोरडी पुसावी, फार काळवंडली असेल तर रॉकेल किंवा डिझेलात भिजवलेल्या ब्रशने स्वच्छ करून पूर्ण वाळू द्यावी. मग पायडल उलटे फिरवत आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडावा, दोन मिनिटे पायडल फिरवत राहावे, आणि शेवटी स्वच्छ फडक्यात चेन धरून बाहेरचे सगळे तेल पुसून काढावे. चेन हाताला किंचित ओलसर लागावी, बोट काळे होऊ नये.

गॅरेजमधून आणलेले जळके इंजिन ऑइल वापरू नये, त्यात धातूचे कण असतात. स्वयंपाकघरातले तेलही नको. ते काही दिवसांत चिकट होऊन बसते. शिवणयंत्राचे तेल उन्हाळ्यात चालते, पण पहिल्या पावसात धुऊन जाते. पावसाळ्यात दाट आणि कोरड्या दिवसांत पातळ तेल, एवढे धोरण पुरते.

साध्या सायकलीची चेन खालच्या बाजूला मध्यभागी वरखाली हलवली असता साधारण एक ते दीड सेंटिमीटर हलावी. त्याहून सैल असेल तर मागच्या चाकाचे नट ढिले करून चाक मागे ओढावे आणि ते फ्रेमच्या दोन्ही फांद्यांच्या मधोमध आहे याची खात्री करून नट आवळावेत. चेन अतिताणलेली असली तर पायडल एका ठिकाणी जड लागते आणि चाकाच्या मध्यातल्या हबचे छर्रे लवकर जातात.

चेन बदलायची वेळ झाली का, हे मोजण्यासाठी उद्यमनगरात कोणाकडेही मिळणारी स्टीलची पट्टी पुरते. सायकलीच्या चेनमध्ये एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत अर्धा इंच अंतर असते, त्यामुळे २४ कड्या नेमक्या १२ इंच भरायला हव्यात. चेन ताणून मोजल्यावर हे अंतर दीड मिलिमीटरने वाढलेले दिसले तर चेन बदलावी. ३ मिलिमीटरने वाढले असेल तर मागचे दातेही त्या लांबलेल्या चेनच्या मापाने झिजलेले असतात, आणि नवी चेन त्यांच्यावर उड्या मारू लागते. तेव्हा फ्रीव्हील किंवा कॅसेट, म्हणजे मागच्या दात्यांचा संचही, सोबत बदलावे लागते. चेनवर वेळेत केलेला खर्च त्या मोठ्या खर्चाला लांब ठेवतो.

ब्रेक

ब्रेकच्या रबरावर खाचा असतात. त्या दिसेनाशा झाल्या म्हणजे रबर संपले, मग ते कितीही जाड दिसो. ब्रेक दाबताना करकर आवाज येत असेल तर रबरात वाळूचा किंवा धातूचा कण रुतलेला असतो. तो टाचणीने टोकरून काढावा, नाहीतर तो रिमवर रेघ पाडतो. रबर रिमवर पूर्ण बसले पाहिजे: वर सरकून टायरला लागले तर टायर कापला जातो, आणि खाली घसरले तर ते आऱ्यांत अडकण्याचा धोका असतो. ब्रेकची लिव्हर पूर्ण दाबल्यावर ती आणि हँडल यांच्यामध्ये किमान दोन बोटे अंतर राहावे. ते कमी असेल तर वायरच्या टोकाचा फिरता नट थोडा बाहेरच्या बाजूला फिरवल्याने बहुधा काम भागते. डिस्क ब्रेक असलेल्यांनी एकच गोष्ट कटाक्षाने पाळावी: चेनला तेल घालताना त्याचा शिंतोडा डिस्कवर उडू देऊ नये, कारण तेल प्यायलेले पॅड पुन्हा भरवशाचे राहत नाहीत.

आता वापराविषयी. पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडघशी पडतो, या लहानपणच्या धाकामुळे कित्येक जण जन्मभर मागच्याच ब्रेकवर सायकल चालवतात. प्रत्यक्षात थांबताना भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते, त्यामुळे सायकल थांबवण्याची ताकद प्रामुख्याने पुढच्या ब्रेकमध्ये असते. नुसता मागचा ब्रेक करकचून दाबला की चाक घसरते आणि थांबण्याचे अंतर वाढते. पहाटे एखाद्या मोकळ्या मैदानाच्या कडेला याचा सराव करावा. आधी कोणती लिव्हर पुढची आहे हे तपासावे, मग बेताच्या वेगात अंग थोडे मागे नेऊन, हात ताठ ठेवून दोन्ही ब्रेक हळूहळू वाढत्या जोराने दाबावेत. एकदम आवळणे हा दोष आहे, पुढचा ब्रेक हा दोष नाही. वळणावर मात्र ब्रेक वळण्यापूर्वीच लावून वेग कमी करावा; वाकलेल्या सायकलीला पुढचा ब्रेक सहन होत नाही.

पावसात रिम ओली असताना पहिला क्षण ब्रेक लागतच नाही, कारण रबर आधी पाणी पुसते आणि मग पकड घेते. जुन्या स्टीलच्या रिमवर हे फारच जाणवते. म्हणून चौक येण्याच्या आधीच ब्रेक हलके टेकवून रिम पुसून घ्यावी.

सीट, गियर आणि पन्हाळ्याचा चढ

गुडघे दुखण्याचे कारण बहुतेक वेळा सीट खूप खाली असणे हेच असते. भिंतीला धरून सायकलीवर बसावे, टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल सर्वांत खाली न्यावे. पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना पायाचा चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात योग्य तेवढा बाक राहतो. सीटच्या दांड्यावर किमान मर्यादेची खूण असते, ती कधीही बाहेर दिसता कामा नये.

गियर वेगासाठी नसून पायांची लय कायम राखण्यासाठी असतात. मिनिटाला ७० ते ९० फेरे पडत राहतील असा गियर निवडावा. रेटून, दात-ओठ खाऊन पायडल मारणे म्हणजे गुडघ्यांचे नुकसान. गियर बदलताना पायडल फिरत राहावे, पण पायाचा जोर क्षणभर कमी करावा. पुढचे सर्वांत मोठे चक्र आणि मागचे सर्वांत मोठे चक्र, किंवा दोन्हीकडची सर्वांत लहान चक्रे, अशी जोडी टाळावी, कारण चेन तिरपी होऊन घासते. नव्या सायकलीची वायर पहिल्या काही आठवड्यांत थोडी सैल पडते आणि चेन मोठ्या चक्रावर चढायला कुरकुर करते. अशा वेळी मागच्या डिरेलरजवळ, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाजवळ, वायर शिरते तिथला फिरता नट पाव फेरा घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून पाहावा. डिरेलरवरच्या दोन छोट्या स्क्रूंना मात्र कारण समजल्याशिवाय हात लावू नये. ते चेन आऱ्यांत जाऊ नये यासाठी मर्यादा घालणारे स्क्रू असतात. सायकल उजव्या अंगावर पडली असेल तर डिरेलर ज्या पट्टीवर बसतो ती वाकलेली असू शकते, आणि ते काम मिस्त्रींचे आहे.

गियरचा खरा उपयोग समजून घ्यायचा असेल तर एखाद्या रविवारी पन्हाळ्याला जावे. शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडून केर्लीपर्यंत रस्ता फारसे काही मागत नाही. वाघबीळच्या फाट्यावरून पन्हाळ्याकडे वळल्यावर मात्र चढ बोलू लागतो. तिथे पोचल्यावर गियर शोधू नये. चढ सुरू होण्याच्या आधी, पाय अजून मोकळे असतानाच सायकल हलक्या गियरवर आणावी. बसूनच चढावे, श्वासावर लक्ष ठेवावे, आणि जवळून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या वेगाशी बरोबरी करण्याचा विचार मनातून काढून टाकावा.

उतरण्याचे कौशल्य चढण्यापेक्षा मोठे आहे. गड उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवले तर रिम तापते, रबर गुळगुळीत होते आणि हाताला कळ लागते. म्हणून थोडा जोर देऊन वेग उतरवावा, ब्रेक सोडावा, पुन्हा जोर द्यावा. वळणावर बाहेरच्या बाजूचे पायडल खाली ठेवून त्यावर भार द्यावा आणि नजर चाकापुढच्या खडीवर न ठेवता वळणाच्या शेवटाकडे ठेवावी. सायकल नजरेच्या मागे जाते.

गावातले रस्ते आणि ऊस

महाद्वार रोडवर किंवा पापाची तिकटीजवळ वेगाचा प्रश्नच येत नाही. तिथला धोका म्हणजे उभ्या गाडीचा अचानक उघडणारा दरवाजा. उभ्या वाहनांपासून एक हात अंतर ठेवून सरळ रेषेत चालवावे, दोन गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत आतबाहेर करू नये. थांब्याकडे वळणाऱ्या केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, डाव्या बाजूने पुढे घुसू नये. उजवीकडे वळायचे असेल तर बरेच आधी मागे वळून पाहावे, हात दाखवावा आणि मगच सरकावे. मागे पाहताना सायकल उजवीकडे झुकणे ही सर्वांची खोड आहे. रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघेवरून चालवत मान वळवण्याचा सराव केला की ती जाते. ती रेघ, तसेच ड्रेनेजची लोखंडी झाकणे, पावसात मात्र साबणासारखी होतात, तेव्हा त्यांच्यावर ना वळावे ना ब्रेक लावावा.

उसाच्या हंगामात नियम वेगळे. दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर वळतो तेव्हा मागची ट्रॉली पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाही, ती वळणाच्या आतल्या बाजूला ओढली जाते. त्यामुळे डावीकडे वळणाऱ्या ट्रॅक्टरच्या डाव्या अंगाला कधीही राहू नये. चढावर ट्रॉलीला हात धरून फुकट ओढले जाण्याची, किंवा चालत्या ट्रॉलीतून एखादा ऊस उपसण्याची मजा लहानपणी बहुतेकांनी केली असेल. ती आपल्या मुलांना करू देऊ नये. रस्त्यावर पडलेला ऊस चाकाखाली लाटण्यासारखा फिरतो. टाळता आला नाही तर तो काटकोनात, हँडल न हलवता आणि ब्रेक न लावता ओलांडावा. पाचटाखाली काय आहे हे दिसत नाही, म्हणून त्यावरून सायकल नेऊच नये. रात्री कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. तेव्हा आपला पुढचा दिवा केवळ आपण दिसावे म्हणून नव्हे, तर समोरची ट्रॉली दिसावी इतका प्रखर असावा, आणि मागे तांबडा दिवा असावाच. डोक्यावर हेल्मेट, आणि पिशवीत पंप, पॅच, दोन लिव्हर व पाना, यापेक्षा अधिक सामान रोज वागवण्याची आवश्यकता नाही.

पावसाआधी, पावसानंतर, आणि पुरानंतर

मे महिन्याच्या अखेरीस दोन्ही हब, दोन्ही पायडलांना जोडणारा मधला भाग आणि हँडलची बेअरिंगे उघडून जुने ग्रीस काढावे व नवे भरून घ्यावे. हेच काम दसऱ्याच्या सुमारास पुन्हा करावे. स्वतः करणार असाल तर डावे पायडल उलट्या आट्याचे असते हे लक्षात ठेवावे. नेहमीच्या दिशेने जोर लावून आटे खराब करणारे बरेच असतात. पावसाळ्यात रोज घरी आल्यावर चेन आणि रिम फडक्याने पुसावी, त्याला दोन मिनिटे लागतात. सायकल धुण्यासाठी बादली आणि स्पंज वापरावा. गाड्या धुण्याच्या जोराच्या फवाऱ्याने पाणी थेट बेअरिंगमध्ये शिरते आणि ग्रीस बाहेर पडते.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा माझी एक जुनी सायकल नातेवाइकांच्या तळमजल्यावर काही दिवस पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर मी ती स्वच्छ धुतली, चेनला तेल घातले आणि चालवू लागलो, कारण ती चांगली चालत होती. दिवाळीच्या आधी मागचे चाक डुलू लागले. हब उघडला तेव्हा आत छर्रे नव्हते, तांबूस चिखलात रुतलेले खडबडीत खडे होते, आणि पूर्ण हब बदलावा लागला. २०२१च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा शेजाऱ्यांच्या सायकलीवर हीच चूक होऊ दिली नाही.

पुरात बुडालेली सायकल चालत असली तरी चालवू नये. प्रथम सीट दांड्यासह काढावी आणि सायकल उलटी करावी, म्हणजे फ्रेमच्या नळ्यांत साचलेले पाणी बाहेर येते. ते आपल्या अंदाजापेक्षा बरेच जास्त असते. सायकल तशीच उलटी एक दिवस सावलीत ठेवावी. मग दोन्ही हब, मधला भाग आणि हँडल उघडून सर्व छर्रे नवे घालावेत, जुने चांगले दिसले तरी. ब्रेकच्या आणि गियरच्या वायरी आवरणासह बदलाव्यात, कारण आवरणात गेलेला गाळ बाहेर निघत नाही. सीटचा दांडा परत बसवताना त्याला ग्रीसचा पातळ थर लावावा, नाहीतर पुढच्या वर्षी तो निघणार नाही.